मामाच्या सह्यांच्या वह्या : पुढच्या माणसासाठी काय लिहून ठेवावं?

नाना_डोंबिवली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

माझा मामा रेल्वेत होता, गिरगावात चाळीत राहायचा, लग्न केलं नाही. त्याला दोन नाद. एक क्रिकेट, दुसरं नाटक. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या गेटबाहेर आणि साहित्य संघाच्या नाट्यगृहात विंगेपाशी उभं राहून त्याने १९५६ ते १९७८ अशी बावीस वर्षं सह्या गोळा केल्या. चार वह्या आहेत. त्या आडव्या, गोल कोपऱ्यांच्या, गुलाबी-पिस्ता-पिवळ्या पानांच्या असायच्या ना, त्याच. सह्या साधारण तीनशे दहा. त्यात माझी भर म्हणजे लेखकांची साठेक पत्रं, सह्या असलेली चाळीसेक पुस्तकं आणि एक छोटी बॅट.

मामा गेला तेव्हा वह्या माझ्याकडे आल्या. आता मी अडुसष्टचा. मुलगा टोरांटोला, मुलगी ठाण्यात. मुलगी म्हणते, "बाबा, मी सांभाळेन, पण कोण कोण आहे ते सांगून ठेवा." इथेच गोची आहे. तीनशे दहातल्या नव्वदेक सह्या मलाच लागत नाहीत. मामाने कुठे कुठे कोपऱ्यात पेन्सिलीने "ब्रे. गेट" किंवा "संघ, मध्यंतर" एवढंच खरडलंय.

तीन वर्षांपूर्वी मी उत्साहाने प्रत्येक पानावर पिवळ्या स्टिकी नोट्स लावून नावं लिहिली. निम्म्या गळून वहीच्या तळाशी जमल्यात, कुठली कुठल्या पानाची देव जाणे. ज्या टिकल्या त्यांनी गुलाबी पानावर चिकट पट्टा सोडलाय, आणि त्यावर आता धूळ बसते. त्याहून वाईट सांगतो. एका पानाच्या मागे मी बॉलपेनने नाव लिहिलं. पुढच्या बाजूला बापू नाडकर्णींची सही आहे. तिच्यावर माझं अक्षर उठलंय, उलटं. दिवा तिरका धरला की वाचता येतं. ज्यांनी १९६४ साली मद्रासला सलग एकवीस षटकं निर्धाव टाकली त्यांच्या सहीवर माझं अक्षर! दोन रात्री झोप नव्हती.

तर काय लिहायचं, कुठे लिहायचं, कुठल्या भाषेत, आणि क्रम कसा लावायचा? वह्या सुट्या करून क्रिकेट वेगळं, नाटक वेगळं करू का?

---

ग्रंथपाल_निवृत्त

नाना, सुट्या करू नका. हात जोडून सांगते.

चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलीत, म्हणून जरा लांबण लावते. वही हीच एक वस्तू आहे. कोणाशेजारी कोणाची सही आहे, शाई कुठली, पान कितवं, ही सगळी माहिती फुकट मिळालेली आहे. क्रिकेट-नाटक अशी पानं वेगळी केलीत की ती गेली, परत येत नाही. विषयवार लावायची हौस कागदावर भागवा, यादीत.

आता लिहायचं कुठे. सहीच्या पानावर काहीही नाही. आमच्याकडे दाखल नोंदवही असते, तशी एक जाड पुठ्ठ्याची वही आणा. प्रत्येक सहीला एक क्रमांक: वही, पान, जागा. म्हणजे २/१७/अ. दुसरी वही, सतरावं पान, डावीकडून पहिली सही. वहीच्या पानांना आकडे नसतील तर फक्त तेवढे घाला. मऊ पेन्सिल, २बी, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, पान हलक्या हाताने टेकवून. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कशाला द्यायचा नाही, मूळ वस्तू हरवली तरी नाही.

खरं महत्त्वाचं पुढे आहे. नोंदवहीत "कोण" या एका रकान्यावर थांबू नका. तीन रकाने करा: "दिसतं ते", "ऐकलेलं", "माझा तर्क". पानावर "बी. नाडकर्णी" वाचता येत असेल तर ते पहिल्यात. मामा सांगायचे की ही सही पावसात छत्री धरून घेतली, ते दुसऱ्यात, आणि कोणी सांगितलं तेही. तुम्हाला वाटतं की ही अमुक नटाची असावी, ते तिसऱ्यात. लोक या तिन्हींची खिचडी करतात. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला तुमचा अंदाज आणि मामांचा शब्द यात फरक कळत नाही, मग तो दोन्हींवर अविश्वास दाखवतो.

स्टिकी नोट्स टिकल्या असतील त्या ओढून काढू नका. पान सपाट ठेवून नोट मागे दुमडत, पानाला समांतर, हळू. चिकट राहिलं असेल तिथे रबर, स्पिरिट, काहीही लावू नका. राहू दे.

---

पेठकर

सगळे वारसाबद्दल बोलताहेत, पण सर्वात खात्रीचा वारस म्हणजे रद्दीवाला. तो कधी नाही म्हणत नाही.

विनोद सोडा. रविवारी जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर मी वीस रुपयांना एक कवितासंग्रह घेतला. आत कवीची सही, "सप्रेम भेट" असं लिहिलेलं, आणि ज्याला भेट दिली ते नाव ब्लेडने कापून काढलेलं. घरच्यांना लाज वाटली असणार. पुस्तक विकायची लाज नाही, नाव दिसायची लाज. त्या चौकोनी भोकातून पुढच्या पानावरची कविता दिसते.

म्हणून माझी सूचना: डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, "ही रद्दी नाही. यादी सोबत आहे." घर आवरणारा माणूस घाईत असतो. तो नोंदवही उघडणार नाही, झाकण मात्र उघडेल.

---

टाचणी

नाना, क्रिकेटच्या न लागणाऱ्या सह्यांपैकी एखादी सांगा की. इथे जुने खोंड बरेच आहेत.

---

नाना_डोंबिवली

@ग्रंथपाल ताई, तीन रकाने पटले. आजच नोंदवही आणली, दोनशे पानी.

@टाचणी, ही घ्या. वही २, पान १७, गुलाबी. तीन सह्या इंग्रजीत. चंद्रशेखर (बी. एस., स्वच्छ), नाडकर्णी (मी वाट लावली ती) आणि खाली "काहीतरी पी. गुप्ते". पहिल्या अक्षरावर पाण्याचा थेंब पडून डाग झालाय. मी स्टिकीवर सरळ "सुभाष गुप्ते" लिहून मोकळा झालो होतो.

---

टाचणी

थांबा थांबा. गुप्ते दोन. सख्खे भाऊ, दोघेही लेगस्पिनर, दोघेही मुंबईचे, दोघेही कसोटी खेळलेले. सुभाष म्हणजे एस. पी. आणि बाळू म्हणजे बी. पी. तुमचा थेंब नेमका त्या अक्षरावर पडलाय!

सुभाष शेवटची कसोटी खेळले ती डिसेंबर १९६१ मध्ये. नंतर ते त्रिनिदादला स्थायिक झाले. चंद्रशेखर यांचं कसोटी पदार्पण जानेवारी १९६४, तेही ब्रेबॉर्नवरच, इंग्लंडविरुद्ध. म्हणजे एकाच पानावर चंद्रशेखर आणि गुप्ते असतील तर ते बाळू. सोडवलं.

---

ग्रंथपाल_निवृत्त

तिन्ही सह्या एकाच दिवशी घेतल्या हे कशावरून? रिकामी जागा दिसली की लोक जुन्या पानावरही सही घेतात. नाना, शाई बघा.

---

नाना_डोंबिवली

ताई, तुम्ही पोलिसात हव्या होतात.

भिंग घेऊन बसलो. चंद्रशेखर आणि नाडकर्णी निळ्या-काळ्या शाईत आहेत, एकाच पेनाने वाटतं. गुप्ते मात्र हिरव्या शाईत. आणि समोरच्या पानावर, १६ वर, हिरव्या शाईतच उम्रीगर आणि रामचंद आहेत. एवढंच नाही, गुप्तेंच्या सहीच्या शेपटाची पुसट हिरवी छाप पान १६ वर उमटलीय. म्हणजे शाई ओली असताना वही मिटली. मामाला कायम घाई असायची.

---

टाचणी

मग उलटलं प्रकरण. उम्रीगर, रामचंद आणि सुभाष, तिघे पन्नाशीच्या दशकातले संघातले जोडीदार. रामचंद यांची शेवटची कसोटी जानेवारी १९६०. आता सुभाषच जास्त संभवतात. पण बाळूही मुंबईकडून रणजी खेळायचे, तिथे हे सगळे एकत्र असू शकतात. छातीठोक नाही सांगणार.

---

ग्रंथपाल_निवृत्त

छातीठोक सांगायचंच नाही. तिसऱ्या रकान्यात जाईल: "तर्क: सुभाष गुप्ते. कारण हिरवी शाई, समोरच्या पानावर छाप. बाळू गुप्ते असणं शक्य." कारणही लिहायचं हं. नुसत्या तर्काला किंमत नाही, कारणासकट तर्क पुढच्याला तपासता येतो.

आणि बघा, पान १७ सुटं करून चंद्रशेखरांच्या फायलीत लावलं असतं तर ही छाप गेली असती.

---

कोकणी_मीठ

रत्नागिरीहून. तुमच्या नोंदवह्या होतील हो, पण वह्या टिकायला हव्यात.

लॅमिनेशन नको. हे मोठ्याने सांगतो, कारण आमच्या काकांनी एका संगीत नटाचं पत्र प्रेमाने लॅमिनेट केलं. आता ते आत पिवळं पडतंय आणि बाहेर काढता येत नाही. सेलोटेप नको. टाचणी, यू-पिन, स्टेपल नको, दमट हवेत गंजून चौकोनी तपकिरी डाग पडतात. (टाचणी, तुम्हाला उद्देशून नाही.) ज्या प्लास्टिकला नवा असताना वास येतो ते पाकीट नको, त्याने शाई उचलली जाते. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट मिळतं ते घ्या, नाहीतर आम्लमुक्त कागदाचं.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. कसर लागते ती बहुधा खालच्या खणात. जुने लोक पोथीला लाल कापड आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवायचे. वेखंड अजूनही ठेवतो आम्ही, पण कागदाला न चिकटवता, डब्याच्या कोपऱ्यात. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्यात बदला, नाहीतर त्यांचा उपयोग शून्य. गणपती झाले की एकदा सगळं उघडून बघायचं, हा नेम ठेवा. आणि उन्हात वाळवायला ठेवू नका! फाउंटन पेनची निळी शाई आणि स्केचपेन, दोन्ही उन्हात उडतात.

---

मीनल_ठाणे

नाना, छोटी बॅट म्हणालात. तिच्यावरच्या सह्या छापील तर नाहीत? दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या बॅटींवर संघाच्या सह्या छापलेल्याच असतात. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले की छापील. माझ्या सासूबाईंनी एका नटीला पत्र लिहून फोटो मागवला होता, सहीसकट आला. चाळीस वर्षं फ्रेम करून ठेवला. सही फोटोच्या आतच होती, म्हणजे छापतानाची. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

म्हणून "खरी सही" असं कुठेच लिहू नका. कशी मिळाली ते लिहा: माझ्यासमोर केली, पोस्टाने आली, विकत घेतली, कोणी दिली. ते वाचून ज्याने त्याने ठरवावं. पत्रांच्या बाबतीत मजकूर कोणाच्या हातचा आणि सही कोणाची हेही वेगळं लिहा. वि. स. खांडेकरांची उतारवयात दृष्टी गेली होती. त्या काळातल्या पत्राचं अक्षर दुसऱ्याचं असलं म्हणून पत्र खोटं ठरत नाही, पण ते लिहून ठेवलं नाही तर पुढचा माणूस घोळ घालेल.

---

नाना_डोंबिवली

बॅट छापील निघाली. ठिपके आहेत. जाऊ दे, नातवाला खेळायला.

पत्रांवर तारखा नाहीत हो बऱ्याच. "मंगळवार" एवढंच.

---

पेठकर

पत्ता बघा. "पुणे ३०" किंवा "मुंबई ४" असं असेल तर तो जुना टपाल विभाग. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पत्त्यात ४११०३० असेल तर पत्र त्याच्या नंतरचं, हे नक्की. उलट मात्र खरं नाही. पिन आल्यावरही आमच्या पेठेतली मंडळी पुढची वीस वर्षं "पुणे ३०" लिहीत राहिली, सवयीने आणि थोड्या माजाने. पाकिटावर नये पैसे छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ चा काळ.

आणि पाकिटं फेकली नसतील अशी आशा. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो, पत्रावर नाही.

---

नाना_डोंबिवली

पाकिटं बायकोने… असो.

---

न्यू_जर्सीकर

नाना, भाषेचं मी सांगतो, कारण मी तुमच्या मुलाच्या जागी आहे. माझी मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. आजोबांनी तिला तबकड्यांचा संग्रह दिला, पाकिटांवर सुंदर अक्षरात मराठी नोंदी. तिला त्या नक्षी वाटतात. नोंद मराठीतच लिहा, पण शेजारी नाव आणि साल इंग्रजीत लिहा. तेवढ्यावर ती पुढे शोधू शकेल. आमचे आजोबा तर मोडीत लिहायचे. त्यांच्या वहीतलं माझ्या वडिलांनाही वाचता आलं नाही, म्हणजे हा प्रकार नवा नाही.

पुढच्या खेपेला मुलगा आला की चार वह्या बॅगेत घालून देऊन टाका, प्रश्न मिटला.

---

वकीलबाई

न्यू_जर्सीकर, बॅगेत घालून देऊ नका! १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा बघा. एरवी वस्तू शंभर वर्षांची लागते, पण ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मोल असलेलं हस्तलिखित किंवा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नानांच्या वह्या १९५६ पासूनच्या, म्हणजे अजून त्या वयाच्या झाल्या नाहीत. पण पत्रांत एखादं १९४० च्या दशकातलं असेल तर जपून. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो.

आणखी दोन गोष्टी. पत्राचा कागद तुमचा, मजकूर तुमचा नाही. त्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे, आणि हयातीत न छापलेल्या पत्राला तो पहिल्यांदा छापल्यापासून साठ वर्षं. नोंदवहीत "छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी" अशी एक ओळ घाला. आणि मृत्युपत्रात "माझा सह्यांचा संग्रह" असं मोघम लिहू नका. "अमुक तारखेच्या नोंदवहीत क्रमांक १ ते शेवटपर्यंत नोंदवलेल्या वस्तू" असं लिहा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करा.

---

अश्विनी१९

यादी संगणकावरही करा ना नाना! ६०० डीपीआयला स्कॅन, फाइलचं नाव तोच क्रमांक. शोधायला सोपं.

---

गाडगीळ_नाही_गाडगे

संगणकावर कराच, पण छापूनही ठेवा. माझ्या वडिलांनी २००३ साली अठराशे पोस्टकार्डांची यादी टाइप केली होती, युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये. आज ती फाइल उघडली की "Öú" छापाचं काहीतरी दिसतं. अठराशे ओळी. फॉन्ट ज्या संगणकात होता तो भंगारात गेला. त्यांनी हौसेने काढलेली एकच छापील प्रत होती, तिच्यावर निभावलं. छपाई लेझरवर करा. इंकजेटच्या अक्षरावर थेंब पडला की नानांच्या गुप्तेंसारखं होतं.

---

दादर_टीटी

अवांतर: गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी. आमच्या आजीच्या वहीत त्यांची सही आहे. तिच्याखाली आजीने लिहिलंय, "पाच रुपये, दादांकडून उसने. फेडले नाहीत." घरात सहीपेक्षा त्या ओळीवर जास्त चर्चा होते. दादांच्या घरचे अजून पैसे मागतात.

---

ग्रंथपाल_निवृत्त

हेच. ही ओळ नसती तर ती नुसती सही राहिली असती.

नाना, एक विचारायचं राहिलं. मामांचं नाव वह्यांवर कुठे आहे का?

---

नाना_डोंबिवली

उत्तर द्यायला चार दिवस लागले, माफी.

नाही ताई. चारही वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिल्या. तीनशे दहा लोकांची नावं आहेत, त्याचं कुठेच नाही. एका नटाने "प्रिय मित्रास" लिहिलंय, एकाने "रेल्वेवाल्या रसिकास". तिसऱ्या वहीच्या मागच्या खिशात चर्चगेट–ग्रँट रोडचं तिकीट सापडलं, तेवढीच त्याची खूण. माझ्यानंतर या वह्या कोणाच्या हे सांगणारं कोणीच नसतं. मुलीने मामाला पाहिलेलं नाही.

मग सह्या बाजूला ठेवल्या आणि नोंदवहीची पहिली तीन पानं त्याच्यावरच लिहिली. नाव, जन्मसाल, कुठल्या खात्यात, चाळीतली कुठली खोली. सामना असला की डबा न खाता जायचा आणि परत येताना गेटवरचे शेंगदाणे खायचा, म्हणून काही पानांवर तेलाचे बोटाएवढे डाग आहेत, तेही लिहिलं. नाहीतर कोणीतरी उद्या ते डाग साफ करायला जाईल. "संघ, मध्यंतर" म्हणजे काय तेही लिहिलं: पडदा पडला की मामा मागच्या जिन्याने वर जायचा, तिथला माणूस त्याच्या ओळखीचा होता.

मग पहिली नोंद केली. जशी केली तशी देतो, चूक असेल तर सांगा:

"२/१७/ब. दिसतं ते: 'बी. नाडकर्णी', इंग्रजीत, निळी-काळी शाई. ऐकलेलं: मामा सांगायचा, ही ब्रेबॉर्नच्या गेटवर मिळाली, सही करताना त्यांनी मामाचं पेन चांगलं आहे म्हणाले. तर्क: साल १९६४ किंवा नंतर, शेजारी चंद्रशेखर त्याच शाईत म्हणून. दोष: पानाच्या मागून बॉलपेनचा दाब, सहीवर उलटी अक्षरं उठली आहेत. हे मी केलं, तीन वर्षांपूर्वी."

---

ग्रंथपाल_निवृत्त

"त्यांनी … म्हणाले" नाही, "ते … म्हणाले". बाकी एक अक्षर बदलू नका.

---

पेठकर

शेवटचं वाक्य बहुतेक लोक लिहीत नाहीत.

---

मीनल_ठाणे

वाचनखूण साठवली. आता सासूबाईंच्या फोटोमागे काय लिहायचं हा माझा प्रश्न आहे.

---

टाचणी

"दिसतं ते: सही. ऐकलेलं: नटीने केली." तिसरा रकाना सासूबाईंच्या हयातीत कोरा.

---

नाना_डोंबिवली

एक बारीक शंका. पानांना आकडे घालताना खाली आधाराला काय ठेवू, पुठ्ठा की काच? पुन्हा तसं व्हायला नको.

---

ग्रंथपाल_निवृत्त

काच. पुठ्ठा दबतो. कडा घासलेली घ्या, नाहीतर पान कापेल.

---

नाना_डोंबिवली

बरं. फोटोफ्रेमची काढतो एक.